प्राणेशरावांची बारा मिनिटं

प्राणेशरावांचा लॅपटॉप चालू व्हायला बारा मिनिटं लागायची. अंदाजानं सांगत नाही, मी एकदा मोबाइलवर मोजली होती. बटण दाबल्यापासून पांढऱ्या पानावर पहिलं अक्षर उमटेपर्यंत बारा मिनिटं आणि वर काही सेकंद. तेवढ्यात कमलनगरच्या स्टँडवरून उदगीरची जीप भरून निघून जायची, आणि आमच्या जीपा टपावर माणूस बसल्याशिवाय भरल्या असं म्हणत नाहीत.

माझा धंदा कॉम्प्युटर दुरुस्तीचा. सिकंदराबादेत एका दुकानात सहा वर्षं हार्डवेअरचं काम केलं आणि २००८ साली गावी परत येऊन कचेरीसमोर दुकान टाकलं. झेरॉक्स, प्रिंट, मोबाइल रिचार्ज आणि दुरुस्ती. कचेरी कुठल्या खात्याची ते सोडा, दाखले, उतारे आणि तक्रारी तिथं आत जातात आणि यथावकाश बाहेर येतात. मला हळू चालणारी कुठलीही वस्तू बघवत नाही. रस्त्यानं माणूस हळू चालला तरी मी त्याला ओलांडून पुढे होतो. आणि माझ्या नशिबानं, दुकानापासून सात पावलांवर, कडुलिंबाच्या झाडाखाली प्राणेशरावांचं टेबल. सकाळी दहाला बटण दाबून हा माणूस दोन्ही हात पोटावर ठेवून बसायचा, आणि इकडे माझं डोकं तडकायचं.

प्राणेशराव अर्ज लिहायचे. १९९१ साली देशाची दारं उघडली असं पेपरात येतं. प्राणेशरावांनी त्याच साली लिंबाखाली टेबल उघडलं. त्याआधी सहा वर्षं ते आत शिरायच्या प्रयत्नात होते. वडील मराठी शाळेत मास्तर, घरात सगळं मराठी, पण गाव कर्नाटकात, म्हणून कारकुनाच्या जागेला कन्नड टायपिंग हवं. तर हे बीदरला जाऊन कन्नड टायपिंग शिकले, पास झाले, सर्टिफिकेट घेऊन आले, आणि तेव्हा भरतीच बंद झाली. मग ज्या कचेरीत खुर्ची मिळाली नाही तिच्या दारासमोर स्वतःची खुर्ची घेऊन बसले. त्यांच्या बायकोच्या, शारदाबाईंच्या म्हणण्याप्रमाणे फरक फक्त डोक्यावरच्या पंख्याचा होता.

त्यांचं काम आमच्या भागाबाहेरच्या माणसाला जरा समजावून सांगावं लागेल. इथला माणूस भांडतो मराठीत, कचेरी वाचते कन्नड. मध्ये प्राणेशराव. गिऱ्हाईक मराठीत बोलायचं, ते कन्नडमध्ये लिहायचे, आणि अंगठा किंवा सही घेण्याआधी सगळा अर्ज पुन्हा मराठीत वाचून दाखवायचे. वाचून दाखवल्याशिवाय त्यांनी कधी सही घेतली नाही, हा त्यांचा नेम होता. आता या येण्याजाण्यात भाषा थोडी निवायची. 'त्याचं मुंडकं उडवतो, मग मी फासावर गेलो तरी बेहत्तर' असं कुणी सांगितलं तर कन्नडमध्ये 'अर्जदारास मनस्ताप होत असून न्याय मिळावा ही विनंती' एवढंच उतरायचं. परत मराठीत ऐकताना त्या माणसाला आपण इतके सज्जन कधी झालो याचं नवल वाटायचं.

आधी त्यांच्याकडे टाइपरायटर होतं. २००८ साली हैदराबादेतल्या मुलानं, विजयेंद्रनं, स्वतःसाठी नवा लॅपटॉप घेतला आणि जुना वडिलांना दिला. कंपनीत नोकरी करणाऱ्या पोरांची आईवडिलांवर माया असतेच, फक्त ती एक मॉडेल मागून येते. त्या लॅपटॉपची बॅटरी संपलेली. माझ्या दुकानातून वायर ओढून तो चालायचा. मेमरी पाचशे बारा एमबी, त्यात अँटिव्हायरस, त्यात कन्नड टायपिंगचं सॉफ्टवेअर, त्यात विजयेंद्रनं कधीतरी टाकलेले आणि कुणी न काढलेले पंधरा प्रोग्रॅम. बटण दाबलं की हे सगळे एकदम जागे व्हायचे आणि एकमेकांना ढकलत बसायचे.

बरं, सकाळी एकदा चालू केला की दिवसभर चालू ठेवावा ना. तर तेही नाही. एक अर्ज झाला की प्राणेशराव मशीन बंद करायचे. 'तापतंय रे,' म्हणायचे. पुढचं गिऱ्हाईक आलं की पुन्हा बटण, पुन्हा हात पोटावर, पुन्हा बारा मिनिटं. मला वाटायचं, या माणसाला अक्कल देताना देवाघरची लाइट गेली असणार.

या बारा मिनिटांत माझं नुकसान व्हायचं, कारण प्रिंट माझ्याकडे निघायची. गिऱ्हाईक तावातावानं यायचं, बाकावर बसायचं, मशीन घरघरत राहायचं, आणि निम्म्या वेळा अर्ज सुरू व्हायच्या आधीच गिऱ्हाईक उठून जायचं. सगळ्यात जास्त वेळा उठून गेलेले दोघे म्हणजे इरप्पा आणि सिद्धराम. सख्खे भाऊ, गाव इथून तीन किलोमीटर. आजोबांपर्यंत मेंढरं होती, वडिलांनी मेंढरं विकून सात एकर घेतलं आणि एक विहीर पाडली. वडील गेल्यावर जमीन तिघांच्या नावावर लागली: दोन भाऊ आणि आई बाणूबाई. वाटणी कागदावर झाली नव्हती, फक्त वहिवाट होती. विहीर एक, मोटर एक, एक दिवस याचा, एक दिवस त्याचा. घरं समोरासमोर, मध्ये अंगण. आणि आईला सांभाळायची पाळी महिन्याची. अमावास्या झाली की बाणूबाई आपलं गाठोडं उचलायची, अंगण ओलांडायची आणि दुसऱ्या पोराच्या घरी महिनाभर राहायची. दहा वर्षं हे चाललं होतं. म्हातारीला कॅलेंडर लागायचं नाही, पण अमावास्या कधी चुकली नाही.

वर्षातून दोन-तीनदा दोघांपैकी एक जण दुसऱ्यावर अर्ज करायला यायचा. मी सात पावलांवरून ऐकायचो, कारण आमच्याकडे हळू बोलायची पद्धत नाही.

"लिवा अण्णा. आता त्याला कोर्टातच खेचतो," इरप्पा म्हणायचा.

"लिहू की. मशीन चालू होऊ दे," प्राणेशराव बटण दाबायचे. "तोवर मला नीट सांग. विहीर कुणी पाडली?"

"अप्पांनी."

"किती हात?"

"चाळीस. पस्तीसला पाणी लागलं."

"तू किती वर्षांचा होतास तवा?"

"धा. सिद्धराम सहाचा असंल. पाणी लागलं तवा त्यो आत पडतापडता राहिला. मीच त्याची चड्डी धरली न्हाई का."

मग ती चड्डीची गोष्ट, मग अप्पांनी वाटलेला गूळ, मग चहा. मशीनवर पांढरं पान उघडायचं तेव्हा इरप्पा धोतराचा सोगा सावरत उभा असायचा. "आज ऱ्हाऊ द्या अण्णा. बाजार करून जायचंय." प्राणेशराव मान डोलवायचे आणि मशीन बंद करायचे. मी मनात म्हणायचो, गेलं गिऱ्हाईक. असल्या मशीनपुढे कोण बसेल?

दोन वर्षं मी त्यांच्या मागे लागलो होतो.

"काका, मेमरी कमी पडायली हिला," मी सांगायचो. "पोळपाट लहान आहे बघा. एक पोळी लाटायची तर आधीची उचलून परातीत ठेवावी लागायली, परत ती आणायची, परत ही ठेवायची. त्यातच सगळा वेळ जायलाय. मोठा पोळपाट दिला की झालं. दोन पट्ट्या टाकतो, उडायला लागंल."

"उडून कुठं जायचंय तिला?"

"लोक वैतागून जायलेत की. स्टँडपाशी ऑनलाइन सेंटर झालंय. तिथं पाच मिनिटांत काम होतंय."

"चालतंय रे," ते म्हणायचे आणि पेपर उघडायचे. मी समजलो, चिकटपणा. मास्तराच्या घरातला माणूस, वस्तू मोडेपर्यंत वापरणार.

२०११च्या फेब्रुवारीत विजयेंद्रनं हैदराबादेत फ्लॅट घेतला आणि वास्तुशांतीला आईवडिलांना बोलावलं. जाताना प्राणेशराव लॅपटॉप माझ्याकडे ठेवून गेले. पंखा फार आवाज करतोय, तेवढी धूळ काढून ठेव म्हणाले. चार दिवस ते नव्हते. आणि मला, खरं सांगतो, अंगात आल्यासारखं झालं. मी त्याच आठवड्यात माल आणायला सिकंदराबादला गेलो होतो, तिथून या मॉडेलला बसणाऱ्या एकेक जीबीच्या दोन पट्ट्या घेतल्या. दुकानात येऊन मशीन पालथं घातलं, खालच्या झाकणाचे दोन स्क्रू काढले. जुनी पट्टी दोन बाजूंच्या चिमट्यांत बसलेली असते, चिमटे बाहेर ओढले की ती आपोआप वर उचलली जाते. नव्या पट्ट्यांची सोनेरी कड खोडरबरानं पुसली, तिरक्या धरून खाचेत सरकवल्या आणि खाली दाबल्या. टक असा आवाज आला की बसली. मला त्या आवाजासारखं दुसरं सुख माहीत नाही. मग पंखा साफ केला, आतली चिप थंड राहावी म्हणून नवी पेस्ट लावली, विजयेंद्रचे पंधराच्या पंधरा प्रोग्रॅम उडवले आणि बटण दाबलं.

चाळीस सेकंद. मी तीनदा बंद करून तीनदा चालू केलं. चाळीस सेकंद.

प्राणेशराव परत आले त्या दिवशी मी दुकान सोडून टेबलापाशी जाऊन उभा राहिलो. त्यांनी बटण दाबलं, सवयीनं हात पोटावर ठेवले, आणि हात नीट टेकायच्या आत पान उघडलं. त्यांचा चेहरा देवळाबाहेर आपली चप्पल न दिसलेल्या माणसासारखा झाला.

"काय केलंस रे हे?"

"मेमरी वाढवली काका. पैसे नकोत. माझ्याकडून भेट समजा."

ते पडद्यावर वाकले. मग म्हणाले, "परत काढता येती का?"

मी हसलो. मला वाटलं, गंमत करायलेत.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी सिद्धराम आला. सायकल लिंबाला आदळली आणि पायातलं न काढता बाकावर बसला. त्याच्या पाळीच्या दिवशी इरप्पानं मोटर चालवली होती. आदल्या दिवशी मोटरची थ्री-फेज लाइट आलीच नव्हती, म्हणून इरप्पाचं म्हणणं कालचा दिवस आज धरायचा. आणि सिद्धरामचा भुईमूग वाळत होता. दोघांचंही म्हणणं ऐकलं तर दोघेही बरोबर वाटावेत असलं हे भांडण. एरवी ते चड्डीच्या गोष्टीपर्यंत सहज पोचलं असतं.

"लिवा अण्णा. आता मला वायलंच व्हायचंय. जमीन वायली, हीर वायली."

"बस. पाणी पी. काय झालं नीट सांग."

"आदी मशीन चालू करा."

प्राणेशरावांनी बटण दाबलं. सिद्धरामनं तांब्या तोंडाला लावून खाली ठेवला तोवर पान उघडलेलं.

"झालंय की चालू. लिवा."

"थांब जरा. तापतंय ते."

आणि मी, सात पावलांवरून, कुणी विचारलेलं नसताना ओरडलो, "आता न्हाई तापत काका. पंखा साफ केलाय मी."

प्राणेशरावांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मग सिद्धरामला विचारलं, "विहीर कुणी पाडली म्हणालास?"

"ते मशीनला कशाला पायजे? तुमी इरप्पाचं घ्यायलात का काय? तसं असंल तर सांगा, मी स्टँडकडं जातो."

त्यांनी लिहायला घेतलं. जमीन मोजून मिळावी, विहिरीचा हिस्सा ठरवून मिळावा. इथवर ठीक होतं. मग सिद्धराम म्हणाला, "आन् आईचा हिस्सा माझ्याकडं लावा. लिवा, आई माझ्याजवळच ऱ्हाती. तिचं खाणंपिणं, औषधपाणी मीच बघतो."

प्राणेशरावांची बोटं थांबली. "महिना इकडं, महिना तिकडं, असं लिहू ना?"

"कामून? तसं लिवलं तर अर्धंच येतंय. सध्या माझ्याकडंच हाय की ती. खोटं लिवा म्हणालो का मी?"

खोटं नव्हतं. त्या महिन्यात पाळी सिद्धरामचीच होती. प्राणेशरावांनी लिहिलं, मराठीत वाचून दाखवलं, आणि एवढ्या कमी वेळात राग निवणार तरी कुठून? तो मराठीतही तसाच गरम राहिला. मी प्रिंट काढली. येण्यापासून सहीपर्यंत पंधरा मिनिटं. शिक्का बसवून सिद्धराम बाहेर आला तेव्हा कागद हाताला अजून कोमट लागत असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी इरप्पा. तो सिद्धरामसारखा भडकलेला नव्हता, त्याहून वाईट म्हणजे शांत होता. "त्यानं जे लिवलंय तेच लिवा, अण्णा. नुसतं नाव माझं घाला."

प्राणेशराव म्हणाले, "आई माझ्याजवळ राहते, हेही?"

"त्येबी. पुढच्या महिन्यात माझ्याकडंच येणार हाय."

जुन्या मशीनवर दोन फाइली एकदम उघडल्या असत्या तर ते जागीच बसलं असतं. आता मोठा पोळपाट होता. एक उचलली, दुसऱ्यावर ठेवली, नाव बदललं. चार मिनिटं लागली. कचेरीच्या एकाच फाइलीत एक म्हातारी दोन घरांत बारा महिने राहायला लागली.

आणि मग काय विचारता. बातमी पसरली की लिंबाखालचं मशीन उडायलंय. बांधाचं, वाटेचं, सांडपाण्याचं, कोंबडीचं, ज्याला ज्याचा राग आला तो राग निवायच्या आत आमच्याकडे. बाक पुरेना. मी कागदाची रिमं आणून थकलो. महिना झाला तेव्हा मी जाऊन म्हणालो, "बघा काका, दोन पट्ट्यांनी काय केलं."

"बघायलोय रे," ते म्हणाले. त्या दिवशी बाजार होता, गर्दी सरली होती. त्यांनी मशीन बंद केलं, चष्मा काढला. "दहा वर्षांत त्या दोघा भावांचा एक कागद आत गेला नव्हता, श्रीशैल. एक सुद्धा. टाइपरायटर होतं तवा मी कार्बन लावायलाच पाव तास घ्यायचो. रिबन बदलायचो, चांगली असली तरी. मग हे मशीन आलं, ह्याच्यात तर काही करायचीच गरज नव्हती. नुसतं बसायचं."

मला कळायला वेळ लागला. वेगाच्या माणसाला काही गोष्टी फार हळू कळतात.

"मग मला सांगायचं न्हाई का?" मी म्हणालो, आणि माझा आवाज चढला, कारण चूक स्वतःची असली की माझा आवाज चढतो. "दोन वर्षं मी डोकं फोडायलोय तुमच्याजवळ. एक शब्द बोलायचा होता."

"काय बोलू? मी अर्ज लिहिणारा माणूस. अर्ज होऊ नये म्हणून टेबल मांडून बसलोय असं तुला सांगितलं असतं तर तू गावाला सांगितलं असतंस. मग माझ्याकडं कोण आलं असतं?"

ते खरं होतं. मी नक्की सांगितलं असतं, आणि वर हसलोही असतो.

"काढून टाकतो पट्ट्या. आत्ता काढतो."

"आता न्हाई जमत. लोकांनी बघितलंय. आता उशीर झाला तर म्हणतील, म्हाताऱ्यानं दुसऱ्या पार्टीचं घेतलं."

मला लाज वाटली. मी दुकानात येऊन बसलो आणि त्या दिवशी आणखी कुणाचं काही दुरुस्त केलं नाही.

तिकडे अमावास्या झाली. बाणूबाईनं गाठोडं उचललं आणि अंगण ओलांडून इरप्पाच्या दारात गेली. हे सगळं नंतर त्यांच्याच गावातल्या लोकांनी दुकानात बसून सांगितलं. इरप्पा म्हणाला, "त्यानं सरकारला लिवून दिलंय, आई माझ्याजवळ ऱ्हाती म्हणून. मग ऱ्हा की तिथंच. मी ठिवून घेतलं तर त्याचा कागद खरा आन् भाकरी माझी." म्हातारी परत सिद्धरामच्या दारात. तो म्हणाला, "इरप्पानंबी तेच लिवलंय. त्याचा महिना सुरू झालाय, त्यानं पाळावा." दोघांचं मन दगडाचं होतं असं मी म्हणणार नाही. दोघांना आपापल्या वकिलानं सांगितलं होतं की आता कागदाविरुद्ध वागू नका. फक्त कागदावर जे होतं त्याप्रमाणेही कुणी वागलं नाही.

बाणूबाई मधल्या अंगणातल्या गोठ्यात राहिली. दोन्हीकडून भाकरी यायची. कधी दोन्ही एकदम, आणि कधी त्यानं दिली असेल म्हणून यानं नाही, यानं दिली असेल म्हणून त्यानं नाही. असं वर्ष गेलं. मोजणीची तारीख दोनदा पडली, दोनदा पुढे गेली. त्या कामाला कुणी पट्ट्या बसवलेल्या नव्हत्या.

गेल्या वर्षी, म्हणजे २०१२च्या मार्चमध्ये, कुणीतरी म्हातारीला सांगितलं की सरकार म्हातारपणाचा पगार देतं. ती तीन किलोमीटर चालत आली. येताना फडक्यात भाकरी बांधून आणली होती, कारण पोरं सांगायची, अण्णाच्या मशीनला लई वेळ लागतो.

प्राणेशरावांनी फॉर्म उघडला. नाव, वय, नवऱ्याचं नाव. मग तो रकाना आला.

"मुलं सांभाळतात का, बाणूबाई?"

"सांभाळतात की."

"तसं लिहिलं तर पगार मिळत न्हाई."

"मग काय लिवायचं त्ये तुमीच लिवा. मला काय कळतंय."

त्यांनी लिहिलं, आणि मी त्यांच्याकडेच बघत होतो म्हणून सांगतो, त्या दिवशी प्राणेशरावांनी पहिल्यांदा अर्ज मराठीत वाचून दाखवला नाही. नुसता अंगठा घेतला.

"झालं?" बाणूबाई म्हणाली.

"झालं. आत देऊन येतो मी. तुम्ही निघा, ऊन चढंल."

"बसते की जरा. मला काय घाई न्हाई."

ती संध्याकाळी पाचपर्यंत बाकावर बसून होती. भाकरी तिथंच खाल्ली. मी चहा पाठवला, तो घेतला. कचेरी बंद झाल्यावर उठून गेली.

महिन्यानं अर्ज परत आला. मागे कन्नडमध्ये शेरा होता आणि दोन कागदांच्या नकला जोडलेल्या होत्या. साहेबाची काही चूक नव्हती. फाइलीत जे होतं तेच त्यानं लिहिलं होतं. बाणूबाईला निरोप गेला, ती आली. मी दुकान तसंच उघडं टाकून टेबलापाशी गेलो. मला वाटलं, आपण तिथं असायला पाहिजे, निदान शिव्या खायला.

प्राणेशरावांनी कागद मनातल्या मनात वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"मंजूर न्हाई झालं, बाणूबाई."

"कामून?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली बघितलं.

"तुमच्या पोरांनी मागच्या वर्षी कचेरीत लिहून दिलंय. साहेब म्हणतात, असं असताना पगार देता येत न्हाई."

"काय लिवून दिलंय?"

आता सुटका नव्हती. त्यांनी नकला पुढे ओढल्या आणि कन्नडवरून मराठी करत वाचलं. "'आई माझ्याजवळच राहते. तिचं खाणंपिणं, औषधपाणी मीच बघतो.'"

"ह्ये कुणी लिवलं?"

"सिद्धरामनं."

"आन् ह्यो दुसरा कागद?"

"इरप्पाचा."

"त्यात काय हाय?"

"तेच आहे. 'आई माझ्याजवळच राहते.'"

बाणूबाईनं पदर डोक्यावर नीट ओढला. मी वाट बघत होतो, आता रडेल, आता दोघांना तळतळाट देईल, मग मला आणि त्या मशीनला देईल. ती नुसती त्या दोन कागदांकडे बघत होती. तिला अक्षर येत नाही.

"दोघांनीबी?" तिनं विचारलं.

"दोघांनी."

"परत वाचा, अण्णा. जरा सावकास वाचा."

प्राणेशरावांनी पहिला कागद वर धरला आणि एकेका शब्दाखाली बोट ठेवत वाचला. मग दुसरा तसाच. लिहिलेलं त्यांचंच होतं, पाठच असणार, तरी त्यांना वेळ लागला. बाणूबाई प्रत्येक शब्दाला मान हलवत होती.

मग तिनं विचारलं, हे ठेवून घेता येतं का. मी दुकानात जाऊन दोन्हींची झेरॉक्स काढून आणली. तिनं ती चार घड्या करून कमरेच्या पिशवीत ठेवली, बाकाला हात टेकून उठली आणि चार पावलं जाऊन वळली.

"एवढं चांगलं लिवलंय पोरांनी," ती म्हणाली, "आन् मला कुणी सांगितलंबी न्हाई."